निरामिष आमिष : हरभरा, गळ आणि मराठी शब्द

परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागातून, जिंतूर तालुक्याच्या हद्दीतून, पूर्णा नदी वाहते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळणारी ही पूर्णा. वऱ्हाडातून जाऊन तापीस मिळणारी पूर्णा निराळी. तालुक्यात येलदरी येथे या नदीवर सुमारे ५१ मीटर उंचीचे आणि चार किलोमीटरांहून अधिक लांबीचे धरण बांधण्यात आले. ते १९६८ साली पुरे झाले आणि नदीकाठच्या या प्रदेशास विस्तीर्ण जलाशय लाभला. त्याच प्रदेशातील काळ्या जमिनीत रब्बीच्या हंगामात हरभऱ्याचे पीक उभे असते. एकीकडे घाट्यांनी लगडलेले रान आणि दुसरीकडे माशांनी भरलेले पाणी अशी ही स्थिती आहे. या दोहोंची गाठ गळाच्या टोकावर पडू शकते, ही गोष्ट मात्र प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. गळ म्हटला की गांडूळ, किडा, बेडूक किंवा लहान मासळी डोळ्यांसमोर येते. उसळीचा हरभरा येत नाही.

हरभऱ्याने मासा कसा धरला जातो आणि या क्रियेसाठी मराठीत जे शब्द आहेत ते काय सांगतात, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे प्रश्न वरवर वेगळे दिसतात. तथापि शब्दाचा अर्थ नीट लागण्यास वस्तूचे ज्ञान किती आवश्यक असते, याचा प्रत्यय येथे चांगला येतो.

१. आमिष आणि चारा

'आमिष' हा शब्द मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा घेतला आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मांस असा आहे. कच्चे या अर्थाच्या 'आम' शब्दाशी त्याचे नाते लावले जाते. गळाला मांसाचा तुकडा लावीत, म्हणून गळावरचे खाद्य ते आमिष. आणि ज्याच्या लोभाने प्राणी फसतो तेही आमिष, असा त्याचा अर्थविस्तार संस्कृतातच झालेला होता. मराठीत आज 'आमिष' हा शब्द एकटा आला तर त्याचा अर्थ मांस असा कोणी करीत नाही. प्रलोभन असाच करतो. मूळ अर्थ नाहीसा झाला असे मात्र नाही. 'सामिष' आणि 'निरामिष' या जोडीत तो सुरक्षित राहिला आहे. एकच शब्द एकटा असताना एक अर्थ देतो आणि उपसर्ग लागताच दुसरा, जुना अर्थ देतो, असे हे उदाहरण आहे.

या दृष्टीने गळाला लावलेला हरभरा हे निरामिष आमिष ठरते. हा केवळ शब्दच्छल नाही. शब्दाचा अर्थ द्रव्यावरून कार्याकडे सरकला की असे प्रयोग शक्य होतात. 'तेल' या शब्दाची हकीगत अशीच आहे. 'तैल' म्हणजे मूळचे तिळाचे. पुढे तिळाशी संबंध सुटून कोणताही स्निग्ध द्रव तेल झाला आणि 'शेंगदाण्याचे तेल', 'करडईचे तेल' असे म्हणण्यात कोणास विसंगती वाटेनाशी झाली. जमिनीतून निघणारे खनिज द्रव्यही तेलच झाले. 'हरभऱ्याचे आमिष' हा प्रयोग याच वाटेवरचा आहे. मांसाचा अर्थ गळून पडल्यावर जे उरले ते एवढेच, की खाणाऱ्याने खावे आणि खाऊन सापडावे यासाठी पुढे केलेली वस्तू.

'चारा' हा दुसरा शब्द. 'चर्' या धातूपासून चरणे, त्याचे प्रयोजक चारणे, आणि चारावयाची वस्तू ती चारा. गुरांचा चारा आपल्या नित्य परिचयाचा आहे. पक्षीण पिलांस भरवते तोही चाराच. माशांस टाकावयाच्या खाद्यालाही हा शब्द चालतो. चाऱ्यात फसवणुकीची छटा मुळीच नाही. चारणारा आणि चरणारा यांच्यात तेथे पोसण्याचा संबंध आहे.

या दोन शब्दांबरोबर कोणती क्रियापदे येतात हे पाहणे उद्बोधक आहे. चारा 'टाकतात', गळाला आमिष 'लावतात' आणि माणसाला आमिष 'दाखवतात'. तीन क्रियापदे म्हणजे तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीत खाद्य मोकळे आहे. दुसरीत त्याच खाद्याच्या आत लोखंड आहे. तिसरीत खाद्य प्रत्यक्ष नाहीच. त्याचे दर्शन पुरते. नोकरीचे, पैशाचे, जमिनीचे आमिष दाखवले जाते आणि माणूस गळाला लागतो. मासा इतक्यावर फसत नाही. हरभरा वापरणाऱ्यास हा भेद चांगला ठाऊक असावा लागतो, कारण गढूळ पाण्यात तळाशी चरणारा मासा खाद्य पाहून फारसे ठरवीत नाही. चव घेऊन ठरवतो.

मराठीत हरभरा फसवणुकीच्या दुसऱ्या एका प्रकारातही सापडतो, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. एखाद्यास खोटी स्तुती करून फुगवणे म्हणजे त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. हातभर उंचीच्या रोपावर कोणी चढू शकत नाही, यातच त्या वाक्प्रचाराची खोच आहे. 'गळ' या शब्दाचेही असेच. गळ 'टाकला' तर तो पुल्लिंगी आणि मासे धरण्याचा. गळ 'घातली' तर ती स्त्रीलिंगी आणि आर्जवाची. लिंग आणि क्रियापद यांच्या योगाने मराठी हे दोन शब्द बिनचूक वेगळे ठेवते.

२. 'कोर्स' मासे कोणते?

हरभऱ्याचा गळासाठी शिस्तवार उपयोग करण्याची पद्धत इंग्लंडात विशेष वाढली. तेथे या मासेमारीस 'कोर्स फिशिंग' म्हणतात. ही संज्ञा मराठीत आणताना सावध राहिले पाहिजे. इंग्रज गळवाले गोड्या पाण्यातील माशांचे दोन वर्ग करतात : सामन आणि ट्राउट हे 'गेम', म्हणजे शिकारीचे, आणि कार्प, टेंच, ब्रीम, रोच इत्यादी बाकीचे बहुतेक सर्व 'कोर्स', म्हणजे भरड. या विभागणीत माशाच्या शरीररचनेपेक्षा त्या समाजातील ताटाचा आणि प्रतिष्ठेचा भाग अधिक आहे. मराठवाड्यातील नद्यांत सामन नाही आणि ट्राउटही नाही. तेव्हा तेथे 'भरड मासेमारी' असा शब्द बनवला तर तो निरर्थक होईल.

आपल्याकडची जुनी विभागणी वेगळ्या तत्त्वावर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाची रचना इ. स. ११२९ ते ११३१ च्या सुमारास झाली. संगीतविषयक प्रकरणातील मराठी पदांमुळे मराठी भाषेच्या अभ्यासकांस हा ग्रंथ परिचित आहे. याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण असून त्यात राजाने गळाने मासे धरण्याच्या विनोदाचे वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व कातडीचे, असे माशांचे भेद तेथे केलेले असून कोणत्या माशास काय चारावे याचाही विचार केला आहे. 'खवल्याचा' आणि 'बिनखवल्याचा' हा भेद आजच्या मराठीतही सहज समजतो. हरभऱ्याच्या संदर्भात तो कामाचाही आहे, कारण हरभऱ्यास येणारे मासे मुख्यतः खवल्यांचे, कार्प कुळातील आहेत.

३. दात नसलेला चणेखाऊ

महाराष्ट्रातील जलाशयांत आज जे मासे सोडले जातात त्यांत कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे प्रमुख होत. पहिले तिन्ही गंगेच्या खोऱ्यातले. चौथा, म्हणजे इंग्रजांचा 'कॉमन कार्प', भारताबाहेरचा. त्याची एक जात १९३९ साली सिलोनमधून निलगिरीत आणली गेली आणि दुसरी, उष्ण हवेत वाढणारी, १९५७ साली बँकॉकहून आली. त्याच १९५७ सालच्या १० जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे वाहत्या नदीतून बीज गोळा करण्याची गरज उरली नाही आणि दख्खनच्या धरणांत हे मासे सोडणे शक्य झाले. इंग्लंडातील तळ्याकाठी हरभरा लावून ज्याची वाट पाहिली जाते तोच सायप्रिनस अशा रीतीने दख्खनच्या जलाशयांतही वाढू लागला.

'दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. कार्प माशाच्या बाबतीत ती निराळ्या अर्थाने घ्यावी लागते. त्याच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात ते घशात, कल्ल्यांमागील अस्थींवर. सायप्रिनसच्या घशातील हे दात दाढांसारखे रुंद व चपटे असून कवटीच्या तळाशी असलेल्या टणक गादीवर ते दाबले जातात. त्यांत शिंपले आणि टणक बिया भरडल्या जातात. शिजलेला हरभरा त्यांस मुळीच जड नाही.

त्याचे तोंड पुढे नळीसारखे निघते आणि तळावरील खाद्य मातीसह आत ओढून घेते. ओठांवर, तोंडात आणि मिशांवर रुचिकलिका असतात. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या आहेत. आत ओढलेल्यातून नको ते क्षणार्धात बाहेर टाकले जाते. मृगळ हाही तळाशी चरणारा आहे आणि तोही दाण्याकडे येऊ शकतो. कटल्याची गोष्ट वेगळी. तो पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे तळाशी ठेवलेला दाणा त्याच्या वाटेवर येत नाही. मरळ तर शिकारी मासा. त्याला हालचाल करणारे भक्ष्य हवे. त्याच्यासाठी आमिष हा शब्द आजही मूळ अर्थानेच खरा आहे.

४. दाण्याची तयारी

अमरकोशात 'चणक' आणि 'हरिमन्थक' ही या धान्याची नावे एकत्र दिली आहेत. मराठीत 'हरभरा' आणि 'चणा' हे दोन्ही शब्द चालतात. पण त्यांच्यात कामाची वाटणी झाली आहे. शेतात उभा असतो तो हरभरा, भाजून हातावर येतात ते चणे किंवा फुटाणे, आणि मोठा पांढरा दाणा तो काबुली चणा. लिनिअसने १७५३ साली या वनस्पतीस दिलेल्या लॅटिन नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'मेंढ्याच्या डोक्यासारखे' असा आहे. दाण्याची बाकदार चोच पाहिली म्हणजे ती उपमा पटते.

गळासाठी काबुली दाणा सोयीचा. तो मोठा असतो, त्याची साल पातळ असते आणि शिजल्यावर तो सुईसारखे टोक सहज घेतो. देशी दाणा लहान. तो चारा म्हणून टाकण्यास स्वस्त पडतो. फुटाणा गळाला मुळीच चालत नाही, कारण भाजताना त्याची साल सुटून दोन दले वेगळी होण्याच्या बेतात आलेली असतात.

कोरडा हरभरा बारा ते चोवीस तास भरपूर पाण्यात भिजवावा लागतो. या अवधीत तो जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषतो. नंतर तो मंद आचेवर शिजवावयाचा. बोटाच्या चिमटीत दाबला असता आत मऊ लागावा, पण साल फुटू नये, ही त्याची कसोटी. उसळीसाठी शिजवतो त्याहून किंचित आधीच त्यास उतरवावे लागते. शिजल्यावर तो त्याच पाण्यात रात्रभर राहू दिला तर त्याचा रस दाण्यात आणि पाण्यात दोन्हीकडे मुरतो, आणि तोच रस पुढे तळ्यात पसरून माशास वाट दाखवतो.

शिजवण्याचे कारण केवळ मऊपणा हे नाही. कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे घटक असतात आणि उष्णतेने ते बव्हंशी नष्ट होतात. शिवाय कोरडा दाणा माशाने गिळला तर तो पोटात फुगतो. म्हणून न भिजवलेला, न शिजवलेला हरभरा पाण्यात टाकू नये, हा या पद्धतीचा पहिला नियम आहे.

दाणा गळावर चढवतानाही रीत आहे. त्याची दोन दले ज्या रेषेवर जुळलेली असतात त्या रेषेत गळ घातला तर दाणा दुभंगून पाण्यात पडतो. त्या रेषेस आडवा घातला तर दोन्ही दले एकत्र राहतात. गळाचे टोक बाहेर उघडे असावे. दुसरी रीत १९८० च्या सुमारास इंग्लंडात निघाली. तीत दाणा गळावर नसतोच. गळाच्या मागे एका बारीक धाग्यात ओवलेला असतो आणि गळ मोकळा राहतो. प्रारंभी या धाग्याच्या जागी खरोखरच माणसाचा केस वापरला गेला, म्हणून त्या जोडणीस इंग्रजीत केसाचेच नाव आहे. मासा दाणा आत ओढतो, पाठोपाठ गळ आत जातो, आणि संशय येऊन तो थुंकू लागला की मोकळे टोक ओठात रुतते. माशाचा सावधपणाच येथे त्याच्याविरुद्ध वापरला जातो.

५. आधी टाकणे, मग लावणे

एवढी तयारी करूनही अनोळखी पाण्यात एकटा दाणा सोडला तर बहुधा काही घडत नाही. हरभरा हे नदीतले नैसर्गिक खाद्य नाही. माशाच्या अनुभवात तो नसतो. तो अन्न आहे हे माशास आधी शिकवावे लागते. यासाठी एकाच ठिकाणी, एकाच वेळी, काही दिवस मूठभर शिजलेले दाणे टाकले जातात. पहिल्या दिवशी मासा ते चाखून सोडतो, नंतर खातो, आणि पुढे त्या जागी ठरल्या वेळी येऊ लागतो. यानंतर गळ. वर सांगितलेल्या क्रियापदांचा क्रम हाच आहे : प्रथम टाकणे, मग लावणे. चारा नसता तर आमिषास अर्थच आला नसता. आमिष हे स्वतःच्या बळावर काम करीत नाही. आधीच्या चाऱ्याने निर्माण केलेल्या विश्वासावर करते.

हा विश्वास जेथे कधीच मोडला जात नाही अशीही स्थळे महाराष्ट्रात आहेत. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण येथे वरदायिनी देवीचा डोह आहे. त्यातील महाशीर जातीचे मासे देवीचे मानले जातात व धरले जात नाहीत. लोकांनी टाकलेला चारा खाण्यास ते निर्भयपणे काठाशी येतात. पाण्यात पडणाऱ्या दाण्यावर येथील मासा आणि गळाकडे वळलेला मासा सारख्याच विश्वासाने येतात. फरक दाणा टाकणाऱ्याच्या हेतूत आहे आणि तो हेतू माशास दिसत नाही. 'चारा' आणि 'आमिष' या दोन शब्दांत मराठीने जो भेद केला आहे तो वस्तूंचा भेद नसून हेतूंचा आहे, हे येथे स्पष्ट होते.

व्यवहाराच्या दृष्टीने काही मर्यादा ओघानेच येतात. माशांना खाऊन संपेल त्याहून अधिक दाणा टाकला तर तो तळाशी आंबतो आणि पाण्यातील प्राणवायू कमी करतो. कार्प मासे पावसाळ्यात अंडी घालतात. अंड्यावर आलेली मादी गळाने काढणे म्हणजे पुढील हंगामाचे बीज खाणे होय. जलाशयांतील मासेमारीचे हक्क महाराष्ट्रात बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस ठेक्याने दिलेले असतात. हौशी गळवाल्याने त्यांची संमती घेणे न्याय्य आहे, कारण त्याचा जो विनोद तो दुसऱ्याचा चरितार्थ आहे.

६. नावांचा प्रश्न

कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांवरील आपले लेखन १८३९ पासून प्रसिद्ध केले. नव्या जातींस नावे देताना त्याने अनेकदा स्थानिक मराठी नावेच लॅटिन नावाच्या जागी बसवली. मुळामुठेतील महाशिरास त्याने दिलेले 'खुद्री' हे नाव आजही शास्त्रात चालू आहे. 'कोलस' आणि 'सींगटी' ही आणखी दोन. ती त्याने रोमन लिपीत लिहिली. त्यामुळे मूळ उच्चारात 'ल' होता की 'ळ', 'द' होता की 'ड', हे त्या लेखनावरून कळत नाही. ज्या शब्दाला आज 'शिंगटी' म्हणून ओळखता येते तो सुदैवी. इतरांचा उच्चार नदीकाठच्या जिभेवरच शोधावा लागतो.

शोधण्यास अवधी थोडा आहे. जलाशयात सोडलेले मासे आपली नावे घेऊन येतात. रोहू, कटला, मृगळ ही नावे गंगेच्या खोऱ्यातून माशांबरोबर आली. सायप्रिनस तर लॅटिन वर्गनामच होय. बाजारात हे मासे अधिक येऊ लागले की नदीतील लहान, स्थानिक मासे कमी विकले जातात, मुलांस कमी दिसतात आणि त्यांची नावे कमी उच्चारली जातात. मासा नाहीसा होण्यापूर्वीच त्याचे नाव नाहीसे होऊ शकते. पिकाच्या शब्दांची स्थिती तूर्त याहून बरी आहे. घाटा, हुळा, सोलाणा, फुटाणा हे हरभऱ्याचे शब्द जिवंत आहेत, कारण ते पीक दरवर्षी घरात येते.

म्हणून अशा विषयाचा अभ्यास करणाऱ्याने शब्द आणि वस्तू यांची गाठ सुटू देऊ नये. माशाचे नाव टिपताना तो काय खातो, कोणत्या थरात राहतो, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, त्याला काय टाकतात आणि गळाला काय लावतात, हेही त्याच पानावर टिपले पाहिजे. साइक्सने नावे राखली, पण ती उच्चारणाऱ्यांचे बोलणे राखले नाही. पूर्णेच्या काठी ते बोलणे अजून ऐकू येण्याजोगे आहे. एखाद्या संध्याकाळी शिजलेल्या हरभऱ्याचे भांडे शेजारी ठेवून बसलेल्या माणसापाशी वही घेऊन बसणे, एवढाच त्याचा आरंभ आहे.